गर्दी-गोंगाट न सोसणाऱ्या मुलाला घेऊन रविवारी जायचं कुठे? (पुणे आणि आसपास)

सावनी_प | रवि, रात्री ११:२०

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा. तो तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. बोलतो, पण त्याच्या मर्जीनं. "जेवलास का?" याचं उत्तर मिळेलच असं नाही, पण लिफ्टमध्ये वाचलेलं "८ व्यक्ती, ५४४ किलो" दिवसभर ऐकायला मिळतं.

आज नात्यातल्या एका वाढदिवसाला मॉलमध्ये गेलो होतो. दीड तास सगळं सुरळीत. केक झाला, हात धुवायला नेलं आणि शेजारच्यानं ते हात वाळवायचं मशिन चालू केलं. लेक जमिनीवर, दोन्ही हात कानांवर, डोळे घट्ट मिटलेले. मीही शेजारी ओल्या फरशीवर बसले, कारण अशा वेळी त्याला उचललं की आणखी बिघडतं. दारातून एक बाई म्हणाल्या, "हल्ली आयांना मुलं आवरतच नाहीत." त्यांना द्यायची उत्तरं मी घरी येऊन भांडी घासताना दिली.

तर प्रश्न असा. रविवारी दोन-तीन तास सगळ्यांना मिळून जाता येईल अशा जागा सुचवा. सगळे म्हणजे आम्ही दोघं, हा, तीन वर्षांची धाकटी आणि सासूबाई (गुडघे दुखतात, पण घरी राहायला तयार नसतात). त्याला आवडतं : पाणी, लिफ्ट, गाड्या, मोजणं. चालत नाही : अचानक आवाज, गर्दीत अंगाला अंग लागणं, उदबत्तीचा वास. "घरीच बसा" हा सल्ला घरूनच मिळालेला आहे, तो नको.

कोथरूडकाका | रवि, रात्री ११:५२

एम्प्रेस गार्डन. रेसकोर्सच्या बाजूला. तिकीट आहे म्हणून टवाळ गर्दी कमी, झाडं जुनी आणि दाट. सकाळी उघडल्या उघडल्या जा, अकराच्या आत बाहेर पडा. फक्त जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा चुकूनही जाऊ नका, अख्खं पुणे तिथे असतं.

कात्रजचं प्राणिसंग्रहालयही चांगलं. बॅटरीवरची गाडी मिळते, आजींची सोय होईल. पण रविवारी नको, सुट्टी टाकून मधल्या वारी जा. बुधवारी बंद असतं.

निळाई | सोम, सकाळी ७:१०

सावनी, आधी एक मिठी. ओल्या फरशीवर मीही बसलेय. आमची लेक आता अकरा वर्षांची आहे.

एका नावाजलेल्या बागेत आम्ही दर पंधरा मिनिटांनी शिट्टी ऐकायचो. हिरवळीवर पाय टाकला, शिट्टी. कठड्याला हात लावला, शिट्टी. दिसायला इतकी शांत बाग की कुणालाही वाटेल हीच जागा आपली. त्या शिट्टीपायी लेक घरी येऊन दोन दिवस कुकरला घाबरत होती. तेव्हापासून कुठेही न्यायच्या आधी मी एकटी जाऊन येते, अर्धा तास बाकावर बसते आणि डोळे मिटून ऐकते. लोकांना वाटतं बाई ध्यानाला बसल्यात.

भोसरीकर | सोम, सकाळी ९:३५

कुणाला राग येईल, पण बोलतो. आमच्या लहानपणी असली नावं नव्हती. मूल हट्ट करायचं, दोन धपाटे बसायचे, गप्प व्हायचं. जत्रेत, लग्नात, एसटीत सगळीकडे जायचो. जरा सवय लावली तर सगळं जमतं.

निळाई | सोम, सकाळी ९:५८

@भोसरीकर, गप्प व्हायचं हे खरं. तुमच्या गावात एक तरी "येडा बाळू" असेलच ना, देवळाच्या पायरीवर बसून डुलणारा, ज्याला पोरं खडे मारायची? त्याचं नाव काय होतं ते त्याच्या आईला विचारायचं होतं.

उसाचा_रस | सोम, सकाळी १०:०४

निळाईतै, दंडवत. 🙏

ओटी_मृण्मयी | सोम, दुपारी १:१५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मूल न बघता सल्ला देत नाही, त्यामुळे मोघमच लिहिते.

एकच मूल काही बाबतीत टाळणारं आणि काही बाबतीत मागणारं असू शकतं. कानाला आवाज नको, पण अंगाला दाब, ढकलाढकली, झोके, चढ हवेहवेसे. म्हणून नुसती "शांत जागा" शोधून भागत नाही. शांत खोलीत काही मुलं दहा मिनिटांत भिंतीवर चढतात! बाहेर पडण्याआधी आणि तिथे पोचल्यावर अंगाला काम मिळालं, म्हणजे पाण्याच्या दोन बाटल्या घातलेली सॅक त्याच्या पाठीवर, टेकडीचा चढ, वाळूत खणणं, तर नंतरचा गोंगाट सोसायची ताकद बऱ्याच मुलांत थोडी वाढते. वजन किती द्यायचं ते आपल्या थेरपिस्टला विचारून.

आणि सवय लावण्याबद्दल : सवय होते, पण हळूहळू, मुलाच्या हातात थांबवायची सोय ठेवून. कान झाकून बसलेल्या मुलाला सवय लागत नसते, तो फक्त ती वेळ काढत असतो.

टेकडीवाला | सोम, दुपारी २:४०

मग पर्वती! सकाळी सहाला. १०३ पायऱ्या, मोजायची आवडही भागेल. पायऱ्या रुंद आहेत, पूर्वी हत्ती चढायचे म्हणतात.

सदाशिव_पेठ_३० | सोम, दुपारी ३:०२

१०३ नाहीत. मी गेली चाळीस वर्षं चढतोय. सुरुवात कुठून धरता त्यावर आहे.

टेकडीवाला | सोम, दुपारी ३:०५

सुरुवात पहिल्या पायरीपासून धरतात, काका.

सदाशिव_पेठ_३० | सोम, दुपारी ३:११

पहिली कोणती, हाच तर प्रश्न आहे.

सावनी_प | सोम, दुपारी ३:३०

😄 सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, माझे गुडघे पहिल्या पायरीलाच मोजणं थांबवतील.

मृण्मयी, भिंतीवर चढण्याचं अगदी खरं. आमच्याकडे फ्रिजवर चढतात.

गोरेगावची_गौरी | सोम, सायं. ६:४५

मुंबईतून डोकावतेय. आमच्याकडे बाग म्हणजे दोन झोपाळे आणि अठ्ठावीस मुलं, त्यामुळे आम्ही वाहनांवरच भागवतो. बेस्टची नवी एसी डबलडेकर हा आमचा रविवार. सीएसएमटीहून वरच्या मजल्यावर पहिली सीट पकडायची, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला उतरायचं, समुद्र बघायचा, परत. काचा बंद, त्यामुळे हॉर्न बोथट होतात, पण बाहेरचं सगळं दिसतं. लेकाच्या दृष्टीनं समुद्र ही मध्ये लागणारी अडचण आहे, खरी गोष्ट बस.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही पहाटे सुंदर. सोमवारी बंद. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात जातो, पण तिथेही "याला काय झालंय, धडधाकट तर दिसतोय" हे ऐकावं लागतं. २०१६ च्या कायद्यात ऑटिझम २१ दिव्यांगत्वांमध्ये आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, पण दर स्टेशनला कार्ड काढून दाखवायचा कंटाळा येतो हो.

मूकवाचक_७ | सोम, रात्री १२:१०

सहा वर्षं इथे नुसता वाचतोय. आज पहिल्यांदा लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी स्वतः ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे, म्हणजे मलाही ऑटिझम आहे. वय ३४, निदान ३१ व्या वर्षी. नोकरी करतो, एकटा राहतो.

वरच्या बहुतेकांनी आवाज कमी कुठे आहे ते सांगितलंय. मला लहानपणी सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे पुणे स्टेशनचा फलाट. मामा प्लॅटफॉर्म तिकीट काढून न्यायचा. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते. इंजिनाचा भोंगा, हमालांची आरडाओरड, पंख्यांची घरघर, सगळं होतं. तरी मी तिथे तासभर उभा राहायचो. कारण सिग्नल पडतो, मग भोंगा होतो, मग गाडी हलते. क्रम मोडत नाही. आणि लग्नाच्या हॉलमध्ये, जिथे स्टेशनच्या निम्मासुद्धा आवाज नसेल, तिथे मी जेवणाच्या टेबलाखाली असायचो. कारण कुठून, कोण, कधी गालाला हात लावेल सांगता येत नाही.

त्या हात वाळवायच्या मशिनचंही तेच. ते दुसरं कुणीतरी चालू करतं. बटण माझ्या हातात दिलं असतं तर मी दिवसभर वाजवत बसलो असतो.

सावनीताई, मुलगा कोणते आवाज स्वतःहून करतो ते एकदा लिहून काढा. मिक्सर? दार आपटणं? त्यात उत्तर सापडेल.

सावनी_प | मंगळ, सकाळी ६:५०

@मूकवाचक_७, तुमची पोस्ट नवऱ्याला, मग सासूबाईंना वाचून दाखवली. काल रात्री यादी केली. मिक्सर : स्वतः बटण दाबतो, हसतो. पाण्याची मोटर : रोज सकाळी खाली जाऊन ऐकतो. पंखा पाचावर. फोनवर मालगाडीचे व्हिडिओ, आवाज पूर्ण मोठा. आणि आम्ही साडेतीन वर्षं या मुलासाठी शांतता शोधत फिरतोय!

कोथरूडकाका | मंगळ, सकाळी ८:२०

मग आमच्या कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम चुकवू नका. छोटी गावं, पूल, घाट, त्यातून धावणाऱ्या गाड्या. आधी फोन करून कमी गर्दीचा खेळ कोणता ते विचारा. मध्ये दिवे मंद करून रात्र दाखवतात, ते त्याला आधी सांगून ठेवा.

मेट्रोप्रेमी | मंगळ, सकाळी ९:००

लिफ्टवेडा आहे म्हटल्यावर सिव्हिल कोर्टचं मेट्रो स्थानक (आता जिल्हा न्यायालय म्हणतात). जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. सरकते जिने आणि लिफ्ट यांचा अख्खा महोत्सव. खालपर्यंत सूर्यप्रकाश पोचतो तेही बघण्यासारखं. घोषणा ठरलेल्या, दारं ठरलेल्या बाजूला. पुण्यात ६ मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली तेव्हापासून माझा भाचा हेच करतोय : वनाजला बसायचं, शेवटपर्यंत जायचं, परत यायचं. रविवारी सकाळी मात्र, संध्याकाळी नाही.

लंडनची_रमा | मंगळ, दुपारी ४:१५

इथे लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये काही ठरावीक दिवशी सकाळी, म्युझियम सगळ्यांसाठी उघडण्याआधी, अशा मुलांच्या कुटुंबांना आत सोडतात. आम्ही तिथेच पहिल्यांदा माझ्या मुलाबरोबर एक पूर्ण दालन बघितलं.

दुसरं म्हणजे सूर्यफुलाचा पट्टा. हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलं, गळ्यात घालायचा. न दिसणारं अपंगत्व आहे एवढाच अर्थ. २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झालं, आता बंगळुरूच्या विमानतळावरही आहे. पुण्यात कुणी वापरतं का?

उसाचा_रस | मंगळ, दुपारी ४:४०

पुण्यात गळ्यात पट्टा दिसला की लोक विचारतील, कुठल्या कंपनीत आहात.

निळाई | मंगळ, सायं. ५:२०

😂 आम्ही खिशात कार्ड ठेवतो. घरीच छापलं. मजकूर : "माझ्या मुलीला ऑटिझम आहे. ती हट्ट करत नाहीये, तिला आवाजाचा त्रास होतोय. कृपया हात लावू नका, गोळा होऊ नका. दहा मिनिटांत बरं वाटेल." बोलायची ताकद नसते तेव्हा पुढे करायचं. शेवटी "धन्यवाद" होतं, जागा पुरेना म्हणून काढलं.

अश्विनी_कुलू | मंगळ, सायं. ६:०५

मला हे पटत नाही. गळ्यात असो की खिशात, पाटी ती पाटीच. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला वाचता येतं. आपली आई अनोळखी माणसांच्या हातात आपल्याबद्दल काय देते ते तो वाचणारच ना?

निळाई | मंगळ, सायं. ६:३०

मुद्दा बरोबर आहे. आमच्या लेकीनं वाचलं गेल्या वर्षी. "त्रास होतोय"च्या जागी तिनं "आवाज फार आहे" असं करायला लावलं. आता तेच छापतो.

मोठी_बहीण | मंगळ, रात्री १०:५०

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. माझा भाऊ ऑटिस्टिक, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही प्रत्येक ठिकाणाहून अर्ध्यातून परत आलोय. सर्कस अर्धी, पेशवे पार्क अर्धं, मावशीचं लग्न मंगलाष्टकांपर्यंत. कुणाची चूक नव्हती, हे मला सातव्या वर्षीही कळत होतं, म्हणून तर रडताही यायचं नाही.

मग बाबांनी एक युक्ती काढली. आम्ही दोन गाड्यांवर जायला लागलो. आई आणि भाऊ स्कूटरवर, मी बाबांच्या मागे. त्याला परतायचं झालं तर ते दोघं परत, आम्ही थांबायचो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सारसबागेत बसून अख्खी भेळ संपवली. आजही ती चव आठवते. सावनी, तुझी धाकटी तीन वर्षांची आहे, आत्तापासूनच लक्षात ठेव.

सावनी_प | मंगळ, रात्री ११:१५

ठेवते. 🙏 यावर आज अजून काही लिहवत नाही.

मिरजवाले | बुध, सकाळी १०:३०

आम्ही गावाकडचे. आमच्याकडे जागाच जागा, पण शांतता नाही, कारण दर शंभर पावलांवर एक मावशी "बोलत नाही का अजून? वेखंड उगाळून द्या" म्हणते. वासरू हुंगून झालं की पुतण्या शेतघरात जातो आणि जोंधळ्याच्या उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसतो. तासभर. मुठी भरतो, सोडतो. त्याच्या थेरपीच्या वर्गात प्लॅस्टिकच्या टबात तांदूळ घालून हेच करून घेतात म्हणे. हुरड्याच्या दिवसांत शहरातली चार कुटुंबं मिळून कुणाच्या तरी शेतावर या की. स्पीकर लावणारं "कृषी पर्यटन" नको, साधं शेत बघा.

पणजीकर_नाईक | बुध, दुपारी १२:००

गोंयात येयात! पर्पल फेस्ट जानेवारी २०२३ पासून भरतो, दिव्यांगांसाठीच. माझ्या पुतणीला मंडपातली गर्दी नाही झेपली, पण तिच्या आईला तिच्यासारख्या वीस आया भेटल्या, ते मोठं. बाकी मिरामारची वाळू सकाळी साडेसहाला, तीही आठवड्याच्या मधल्या वारी. एरवी आम्ही गोंयकारही तिथे जात नाही.

भोसरीकर | बुध, दुपारी १:२०

सगळा धागा वाचला. एक सुचवतो. आमच्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करणारी माणसं कानाला इअरमफ लावतात. हेडफोनसारखे, पण त्यात गाणी नाहीत, नुसता आवाज अडवतात. सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. पाकिटावर किती डेसिबल अडवतात ते छापलेलं असतं, ते बघून घ्या. लहान मुलांचा साइझ वेगळा मागा, मोठा सैल बसतो आणि फटीतून आवाज येतो. मॉलमधले फॅन्सी घेऊ नका.

निळाई | बुध, दुपारी १:४५

@भोसरीकर, धन्यवाद. मनापासून. साइझचं मला माहीत नव्हतं.

भोसरीकर | बुध, दुपारी २:१०

बाळूचं नाव बाळकृष्णच होतं. आमच्या आळीतलाच.

टेकडीवाला | शुक्र, सकाळी ८:००

धागा वर काढतोय. सावनीताई, या रविवारी काय ठरलं?

सावनी_प | रवि, रात्री ९:४०

वृत्तांत.

बुधवारपासून रोज रात्री फोनवर लोणावळा लोकलची स्टेशनं वाचली. सतरा आहेत. शनिवारपर्यंत त्याला पाठ : पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी… सासूबाईंनाही झाली, त्या स्तोत्राच्या चालीवर म्हणतात. कागदावर चित्रं काढली : रिक्षा, फलाट, लोकल, डबा खाणं, लोकल, घर. इअरमफ आणले. भोसरीकरांनी सांगितला तोच साइझ.

सकाळी शिवाजीनगरहून बसलो. रविवारी लोकल कमी असतात, वेळापत्रक नीट बघून जा. मळवलीपर्यंत जायचा बेत होता. पण बेगडेवाडी गेल्यावर हा उठून दाराकडे निघाला आणि "घोरावाडी, घोरावाडी" सुरू. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे, आणि आम्ही उतरलो. का, तर नाव आवडलं!

घोरावाडीच्या बाकावर आम्ही सव्वा तास बसलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी. एक एक्स्प्रेस न थांबता धडधडत गेली. मी इअरमफ लावायला धावले, तर त्यानं ते काढून स्वतःच्या गुडघ्याला लावले आणि डबे मोजले. बावीस. मी इंजिन धरून तेवीस म्हणाले तर चिडला. इंजिन डबा नसतो.

धाकटी मात्र पाऊण तासानं कंटाळली. मोठी_बहीण, तुमची आठवण ठेवून नवरा तिला घेऊन पुढच्या लोकलनं तळेगावला गेला, तिथे दोघांनी आइस्क्रीम खाल्लं. ते आम्हाला सांगायचं नाही असं ठरलेलं. फ्रॉकनं सांगितलं.

परत येताना शिवाजीनगरच्या जिन्यात एका बाईकचा सायलेन्सर फाटल्यासारखा वाजला आणि लेक पायरीवर आडवा झाला. पंधरा मिनिटं. मी बसले, सासूबाईही बसल्या, गुडघ्यांसकट. निळाई, कार्ड छापून नेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. एक काका थांबले, काही न बोलता दोन पायऱ्या खाली उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हातानं पलीकडून जायला सांगत राहिले. मी वर बघितलं तोवर निघून गेले होते.

घरी आल्यावर भिंतीवरच्या कागदावर त्यानं स्वतः पुढचं चित्र काढलं. एक रेघ, तिच्यावर बाक. खाली लिहिलंय "कान्हे". म्हणजे पुढचा रविवार ठरला.

मूकवाचक_७ | रवि, रात्री १०:०५

इंजिन डबा नसतोच.

सदाशिव_पेठ_३० | रवि, रात्री १०:३०

छान वृत्तांत. मुलगा इतकं चोख मोजतो तर एकदा पर्वतीलाही आणा. टेकडीवाल्यांचा आणि माझा वाद मिटेल.

सावनी_प | रवि, रात्री १०:४८

विचारलं त्याला. म्हणाला, "पहिली पायरी कुठली?"